सा कुठे लागला, ते आधी बघा

प्रश्न : मी मिरजेची, वय ६१. वडील, आमचे अण्णा, जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या रेकॉर्ड्सच्या दोन ट्रंका माझ्याकडे आल्या आहेत. जुन्या, जड अशा, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, म्हणजे ७८च्या साठेक आणि नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी ऐंशीच्या आसपास. अब्दुल करीम खाँ, हिराबाई, बालगंधर्व, भीमसेनजी आणि पुष्कळशी सिनेमाची गाणी. माझ्या वाढदिवसाला मुलाने सुटकेससारखा दिसणारा प्लेअर आणला. हौसेने खाँसाहेबांची रेकॉर्ड लावली, तर कढईत काहीतरी तळतंय असा आवाज! अण्णांच्या मशीनवर असं कधी वाजत नसे. मुलगा म्हणतो, हे सगळं मोबाईलवर स्वच्छ मिळतं, ट्रंका देऊन टाक. सून म्हणते, रेकॉर्डचा आवाज डिजिटलमध्ये येतच नाही. मी थोडं गाणं शिकले आहे, घरात तानपुरा आहे, तरी माझं मलाच कळेना. रेकॉर्डवर गाणं खरंच जास्त चांगलं वाजतं, की अण्णांची आठवण येते म्हणून मला तसं वाटतं? चाळीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. काय करू?

ताई, बाकी सगळं नंतर बोलू, आधी एक करा. त्या सुटकेसवाल्या प्लेअरवर ७८ची एकही रेकॉर्ड पुन्हा लावू नका. त्याला बसवलेली सुई एलपीच्या बारीक खाचेसाठी असते. ७८ची खाच कितीतरी रुंद, तिला एलपीच्या तिपटी-चौपटीने जाड टोकाची सुई लागते. गाणं खाचेच्या दोन्ही भिंतींवर कोरलेलं असतं, तळाशी नाही. बारीक सुई भिंतींना नीट टेकतच नाही, ती सरळ तळाला जाऊन बसते आणि सत्तर-ऐंशी वर्षांची धूळ आणि जुन्या पोलादी पिनांचा भुगा उकरत फिरते. तुम्हाला ऐकू आली ती खाचेच्या तळाची माती. खाँसाहेब तिच्या वर, भिंतीवर होते. अण्णांच्या मशीनला योग्य सुई होती, एवढाच त्यात फरक.

एलपीसुद्धा त्यावर लावायच्या तर जपून. असल्या प्लेअरचा हात रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम भार टाकतो. चांगल्या टर्नटेबलवर तो दोन ग्रॅमच्या आसपास ठेवता येतो. मुलाने प्रेमाने आणलंय, त्याला वाईट वाटू देऊ नका. त्यावर नातवंडांना सिनेमाच्या दोन-चार झिजलेल्या एलपी वाजवू द्या.

आता मूळ प्रश्न. तुमच्या घरात वाद चाललाय तो 'रेकॉर्ड चांगली की मोबाईल' असा. मी पस्तीस वर्षं रेकॉर्ड्स गोळा करते आहे आणि माझं मत असं झालंय की जुन्या गाण्याच्या बाबतीत हा प्रश्न असा विचारूनच आपण फसतो. विचारायचं ते एवढंच, की गायकाच्या तोंडापासून तुमच्या कानापर्यंत हे गाणं किती हातांतून आलं आणि त्या हातांनी त्याचं काय केलं.

७८ची रेकॉर्ड हातात घेऊन बघा. ती लाखेची आहे. आपल्याकडच्या पळसा-कुसुंबाच्या झाडांवरची लाख, त्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी. ही भुकटी मुद्दाम घालत, म्हणजे पोलादी पिन खाचेत घासली जाऊन खाचेच्या आकाराची होई. खरखर येते ती तिथून, म्हणजे ती अशा रेकॉर्डच्या अंगातच असते, अगदी कोरी रेकॉर्डही त्यातून सुटत नाही. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं गाणं. १९२५पर्यंत जगभर गाणारा भोंग्यात तोंड घालून गात असे. माईक आणि वीज त्यानंतर आली. भोंग्यातल्या ध्वनिमुद्रणात खर्ज जवळजवळ नाही, वरची झळाळीही नाही. माईक आल्यावर पुष्कळ सुधारलं, तरी त्या काळातल्या ७८वर कामाचा आवाज साधारण सहा-सात हजार हर्ट्झपर्यंतच सापडतो. आणि सीडीच्या प्रतीचं डिजिटल वीस हजारांपर्यंत आवाज जसाच्या तसा धरतं. अगदी हळू आणि अगदी मोठा यांच्यातलं जेवढं अंतर ७८ पेलू शकते, त्यापेक्षा कितीतरी जास्त ते पेलतं. तेव्हा सूनबाईंना सांगा, ७८च्या रेकॉर्डमधलं जे काही आहे ते डिजिटलमध्ये सगळंच्या सगळं मावतं, खरखरीसकट, आणि वर जागा उरते. डिजिटल म्हणजे आवाजाचे तुकडे आणि तुकड्यांच्या मध्ये पोकळी, असं पुष्कळजण समजतात. तसं नसतं. ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ती लहर पुन्हा अखंड उभी राहते.

मग मुलगा बरोबर? नाही, कारण मोबाईलवर जे मिळतं ती अण्णांची रेकॉर्ड नसते. कुणाची तरी रेकॉर्ड, कुठल्या तरी सुईने, कुठल्या तरी गतीने वाजवलेली, मग 'स्वच्छ' केलेली, मग दाबून लहान केलेली. ती कुणी कॅसेटवरून घेतली असेल तर आणखी एक हात वाढला.

हे 'स्वच्छ करणं' काय असतं, ते मी स्वतः सोसलं आहे. खूप वर्षांपूर्वी माझ्याकडची हिराबाईंची एक ७८ एका दुकानात डिजिटल करायला दिली. परत आली ती सीडी लावली तर खरखर अजिबात नाही. पहिला अर्धा मिनिट मी खूश. मग लक्षात आलं, तानपुरा कुठे गेला? हिराबाई गात होत्या तेव्हा त्यांच्या सुराबरोबर तो अंधुक असा उगवायचा आणि त्या थांबल्या की बुडायचा. दोन ओळींच्या मधे नुसती शांतता, स्मशानासारखी. त्या जागी मूळ रेकॉर्डवर त्यांनी घेतलेला श्वास आहे, पंचमाची तार आहे, पेटीच्या भात्याची हलकी फूं आहे. यंत्राला खरखर आणि जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेची ती गुंजती झळाळी, यांतला फरक कळत नाही. दोन्ही बारीक, दोन्ही वरच्या पट्ट्यात, दोन्ही अखंड चालणाऱ्या. खरखर पुसायला गेलं की जवारी पुसली जाते. तुम्ही मिरजेच्या. तुमच्या गावात जवारी लावणारी घराणी आहेत. एका दोऱ्याने तारांखालच्या घोडीवर काय जादू होते हे तुम्हाला मी सांगायला नको. ती जादू यंत्राच्या दृष्टीने कचरा असते.

म्हणून माझा एक साधा नियम सांगते. मोबाईलवर एकाच जुन्या गाण्याच्या दोन प्रती दिसल्या तर जिच्यात खरखर आहे ती ऐका. दोन मिनिटांत कान खरखरीला सरावतो आणि ती मागे पडते. गेलेला तानपुरा मात्र कान परत आणू शकत नाही. फार दाबलेल्या फाइलमध्ये तानपुरा पाण्यात बुडवल्यासारखा डुचमळतो, तेही ऐकून ठेवा. एकदा ओळखता आलं की पुन्हा चुकत नाही. आणि 'झंकार बीट्स' लिहिलेलं काही दिसलं तर पुढे चला. जुन्या गाण्यावर मागाहून ठोकलेला तो ढोल आहे.

याहूनही मोठी चूक गतीची. नावात ७८ असलं तरी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत सगळी ध्वनिमुद्रणं मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच झाली असं नाही, कमीजास्त होत असे. समजा गाणं ७४ फेऱ्यांना मुद्रित झालं आणि कुणी ते ७८ने वाजवून चढवलं. पेटीच्या काळी एकमध्ये गाणारा गवई जवळजवळ पांढरी दोनमध्ये गायला लागतो! सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढला, लय वाढली, आवाज चिरका झाला. लोक ऐकतात आणि म्हणतात, जुने लोक बारीक आवाजात गायचे बुवा. गात नव्हते, आपण त्यांना पळवतोय. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. त्या सोनेरी तबकडीच्या झाकणावर ती किती वेगाने फिरवायची हे खुणांनी कोरून ठेवलंय, एका फेरीला ३.६ सेकंद. कुठल्या ताऱ्यापाशी कुणाला सापडली तर त्यांनी चुकीच्या पट्टीत ऐकू नये म्हणून घेतलेली ती काळजी. मला त्याचं फार अप्रूप वाटतं. आपल्या घरातल्या रेकॉर्डसाठी तेवढी काळजी आपण घ्यावी, आणि तुमच्याकडे त्याचं सर्वांत चांगलं साधन आहे, तानपुरा. रेकॉर्ड लावा, तानपुरा तिच्या सा ला मिळवा, मग पट्टी बघा. गायकाच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा ती वर असेल तर गती कमी करा. दोन स्वरांच्या मधेच कुठेतरी लोंबकळत असेल तरी संशय घ्या.

आता एलपी. इथे गोष्ट बदलते. एलपी लाखेची नाही, व्हिनाइलची, त्यात दगडाची भुकटी नाही, म्हणून अंगची खरखर नाही. खाच बारीक, मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, एका बाजूला वीसेक मिनिटं. म्हणजे ख्याल पहिल्यांदा ऐसपैस बसून गाता येण्याजोगी जागा रेकॉर्डवर मिळाली. चांगली जपलेली एलपी बऱ्या टर्नटेबलवर ऐकाल तर तुमच्या सूनबाई काय म्हणतात ते कळेल. भीमसेनजींचा खर्ज छातीवर येतो.

पण तिच्यातही एक खोट आहे, आणि ती नेमकी आपल्या संगीताच्या मुळावर येते. रेकॉर्ड सारख्याच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला एका फेरीत सुईखालून जेवढी खाच जाते, त्याच्या निम्म्याहूनही कमी लेबलाजवळ जाते. तेवढ्या थोड्या जागेत तेवढंच गाणं कोंबायचं, म्हणून आत जावं तसा आवाज फाटायला लागतो. आता ख्याल आठवा. सुरुवातीला संथ विलंबित, ज्याला फार जागा लागत नाही, ते बाहेरच्या ऐसपैस खाचेत. आणि शेवटी द्रुत, तारसप्तकातल्या दाणेदार ताना, ज्यांना सगळ्यांत जास्त जागा हवी, त्या लेबलाला चिकटून. कितीतरी एलपींवर तिहाईच्या आधीची तान फाटकी वाजते, तेव्हा दोष गवयाचा नसतो आणि पुष्कळदा तुमच्या मशीनचाही नसतो. मूळ टेपवरून नीट काढलेल्या सीडीत ही अडचण मुळीच येत नाही.

तरीसुद्धा, तुमच्यासमोर अण्णांची बऱ्या स्थितीतली एलपी आणि तेच गाणं मोबाईलवर असे दोन पर्याय असले तर मी एलपी लावा असंच म्हणेन. तिच्यात मधले हात कमी आहेत. टेपवरून रेकॉर्ड कापली, छापली, अण्णांनी दुकानातून आणली. नंतरच्या डिजिटल प्रतींत कुणी घुमारा वाढवला, कुणी आवाज एकसारखा मोठा करून विलंबितातली शांतता बुजवली, कुणी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज, ओढूनताणून दोन वाहिन्यांचा स्टिरिओ केला. अण्णांच्या एलपींच्या क्रमांकाआधी 'ईसीएलपी' असेल तर ती मोनो समजा. अशा रेकॉर्ड्स आणि सगळ्या ७८ वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबा. सुई वर-खाली उडाल्याने होणारा बराचसा आवाज तेवढ्याने आपोआप गळून पडतो, आणि तोही गाण्याला हात न लावता.

सध्या नव्याने छापलेल्या जुन्या गाण्यांच्या एलपी दुकानात दिसतात. घ्यायच्या तर देखण्या कव्हरसाठी खुशाल घ्या, पण त्यांतल्या पुष्कळशा डिजिटल फाइलवरूनच कापलेल्या असतात. तिथे 'रेकॉर्डचा आवाज' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

सिनेमाच्या गाण्यांचं थोडं वेगळं. ७८वर तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा होती, म्हणून पडद्यावरच्या गाण्यातलं एखादं कडवं किंवा मधलं वाद्यसंगीत रेकॉर्डवर नसे. कधी रेकॉर्डसाठी गाणं निराळं मुद्रितही होई. अशा वेळी सिनेमातलं गाणं मोबाईलवर ऐका आणि रेकॉर्डवरचंही ऐका. दोन्ही खरी आहेत.

आता चाळीस हजारांचं. टर्नटेबल असं बघा ज्याला ३३, ४५ आणि ७८ अशा तिन्ही गती आहेत, गती थोडीथोडी कमीजास्त करायची सोय आहे, हाताचा भार बदलता येतो आणि सुई सहज काढून दुसरी बसवता येते. एलपीची एक सुई, ७८ची एक. या दुसऱ्या सुईवर कंजुषी करू नका, तुमच्या साठ रेकॉर्ड्सचं नशीब तिच्यावर आहे. सगळे पैसे टर्नटेबलवर घालवू नका, निम्मे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरसाठी राखा. संगणकाला थेट जोडता येईल असं टर्नटेबल मिळालं तर उत्तमच, कारण पुढचं काम त्यानेच होणार आहे.

ते काम म्हणजे ७८ची प्रत्येक रेकॉर्ड डिजिटल करून ठेवणं. लाखेची रेकॉर्ड हातातून निसटली की काचेच्या बशीसारखी फुटते, तिला दुसरी संधी नसते. आधी धुऊन घ्या. गार डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवत. लेबल भिजू देऊ नका. आणि ७८ला स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही लावू नका. लाख त्यात विरघळते, म्हणजे गाणंच पुसलं जातं. मग योग्य सुईने, योग्य गतीने एकदा वाजवा आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या डिजिटल दर्जाला जसंच्या तसं मुद्रित करा, काही साफ न करता. एका बाजूची फाइल सव्वाशे एमबीच्या आत बसते, साठ रेकॉर्ड्सच्या एकशेवीस बाजू पंधरा जीबीत. लहानशा पेनड्राइव्हवर अण्णांची सगळी ट्रंक! दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. लेबलचा आणि लेबलाजवळ कोरलेल्या आकड्यांचा फोटो काढून त्याच नावाने जोडा, आणि तानपुऱ्यावर मिळालेली पट्टीही लिहून ठेवा. हे काम मुलाला सांगा. मोबाईलवर गाणी असावीत असं त्याला वाटतं ना? मग ती त्याच्या आजोबांची असू देत. रोजच्या ऐकण्यासाठी त्या फायलींची हवी तर साफ केलेली प्रत करा, मूळ फाइलला मात्र हात लावायचा नाही.

७८ मी स्वतःसुद्धा रोज डिजिटलवरच ऐकते, आणि रेकॉर्ड वर्षातून एखाद्या वेळी काढते. एलपी मात्र रेकॉर्ड म्हणूनच.

ट्रंका विकू नका, निदान यादी होईपर्यंत तरी नको. भंगारच्या भावात मागणारा माणूस आधी दुर्मिळ चार उचलतो आणि बाकीच्या तुमच्याकडेच राहतात. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' आहे. अशा जाणत्या संग्राहकांना यादी दाखवली की कुठली रेकॉर्ड काय आहे ते समजेल. तोवर ट्रंकेतून काढून उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. एकीवर एक आडव्या नकोत. ऊन लागेल तिथे नकोत, पावसाळ्यात बुरशी धरते का ते बघत राहा. अण्णांची जुनी कव्हरं फाटली असली तरी टाकू नका. नव्या कागदी कव्हरात रेकॉर्ड घाला आणि जुनी वेगळी ठेवा. त्यांवर कधी तारीख, कधी दुकान, कधी 'दुसरी बाजू फार सुंदर' असं पेन्सिलीने लिहिलेलं सापडतं. माझ्या वडिलांच्या कव्हरांवर मला सापडलं.

राहिला तुमच्या पत्रातला खरा प्रश्न, की हा नुसता जिव्हाळा आहे का. ताई, काही भाग जिव्हाळ्याचा आहेच, आणि तो कानातून वजा करायचं काही कारण नाही. पण तेवढंच नाही. अण्णांच्या मशीनवर तुम्ही लहानपणी जे ऐकलंत ते योग्य सुईने वाजत होतं, त्यात तानपुरा होता, श्वास होता. साडेतीन मिनिटांनी उठून रेकॉर्ड उलटावी लागे, म्हणून ती साडेतीन मिनिटं घरात दुसरं कुणी बोलत नसे. तुमच्या कानाला ते अजून आठवतंय. तुमचा कान बरोबर सांगतोय.

७८ची सुई आली की पहिली खाँसाहेबांची तीच रेकॉर्ड काढा, जी त्या दिवशी कढईसारखी वाजली. धुवा, एक रात्र उभी वाळवा. सकाळी तानपुरा मांडीवर घेऊन बसा, मुलाला सुई ठेवायला सांगा आणि तुम्ही खुंट्या फिरवा. सा कुठल्या पट्टीत लागला ते मला लिहून कळवा.